झरियाची धग आकाशातून शोधताना: प्रकल्पाच्या नोंदी

9 ऑक्टोबर 2024

क्षेत्र ठरलं: झरिया, जिल्हा धनबाद, झारखंड. मी नागपूरची, त्यामुळे घरच्यांचा पहिला प्रश्न हाच होता की चंद्रपूर, वणी, घुग्घुस इतकं जवळ असताना तिकडे कशाला. प्रश्न रास्त आहे. खरं तर आपल्या वर्धा खोऱ्यातल्या कोळशात ओलावा जास्त, त्यामुळे तो स्वतःहून तापायला झरियाच्या कोळशापेक्षा जास्त उत्सुक असतो. पण जमिनीखालच्या आगीची इतकी जुनी, इतकी पसरलेली आणि इतक्या लोकांच्या पायाखालची दुसरी जागा देशात नाही. पहिली नोंदलेली आग 1916 सालची, भौरा कोलियरीतली. तेव्हापासून ती विझली, हटली, दुसरीकडे निघाली, पण संपली नाही.

क्षेत्र सुमारे 450 चौरस किलोमीटर. बराकर स्तरसमूह या खडकांतल्या सीम, म्हणजे कोळशाचे थर, खालून वर I ते XVIII असे क्रमांक. देशातला सर्वोत्तम कोकिंग कोळसा इथला. पोलादाच्या भट्टीला तोच लागतो, म्हणून 1890 च्या दशकापासून खासगी मालकांनी तो मिळेल तसा काढला. वरच्या सीम आधी, छत पेलणारे कोळशाचे पिलर अर्धवट कापलेले, काढलेल्या पोकळीत वाळू भरायची पद्धत अनेकांनी पाळलीच नाही. मग हवा आत शिरली. उघडा पडलेला कोळसा साध्या तापमानालाही ऑक्सिजन शोषतो आणि थोडी थोडी उष्णता सोडतो. ती बाहेर पडायला वाट मिळाली नाही की साठत जाते. सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे गेली की क्रिया आपोआप वेग घेते. काडी कुणी लावावी लागत नाही.

आम्हाला करायचं आहे ते असं: हिवाळ्यातल्या रात्रीच्या थर्मल प्रतिमांवरून कायम तापलेल्या जागा काढायच्या, त्यावर जमीन खचण्याचा नकाशा ठेवायचा आणि प्रत्येक जागेला खात्रीचा दर्जा द्यायचा. हा शेवटचा भाग माझ्या आग्रहावरून आराखड्यात आला. लाल ठिपक्यांचे नकाशे झरियाचे भरपूर आहेत. लाल ठिपका नसलेल्या जागेबद्दल मात्र त्यातले फार थोडे काही बोलतात.

15 ऑक्टोबर

प्रतिमांची यादी. झरिया लँडसॅट उपग्रहांच्या ठरलेल्या फेऱ्यांच्या जाळ्यात पाथ 140 वर, रो 43 आणि 44 यांच्या सीमेजवळ येतं. मिळणारं असं:

लँडसॅट 5 चा थर्मल (उष्णता टिपणारा) बँड, त्याच्या एका चौकोनाची बाजू 120 मीटर. लँडसॅट 7 चा 60 मीटर. लँडसॅट 8 (फेब्रुवारी 2013 पासून) आणि लँडसॅट 9 (सप्टेंबर 2021 पासून) यांच्यावरचं टीआयआरएस उपकरण, 100 मीटर. टेरा उपग्रहावरचं ॲस्टर, 90 मीटर, आणि त्याच्या रात्रीच्या प्रतिमा. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरचं इकोस्ट्रेस, साधारण 70 मीटर. स्थानकाची कक्षा सूर्याच्या वेळेशी बांधलेली नसल्यानं ते कधी दुपारी, कधी पहाटे येतं. आम्हाला पहाटच हवी आहे.

टीआयआरएसबद्दल एक गोष्ट गटातल्या नव्या मुलांसाठी भिंतीवर लिहून ठेवली आहे. डाउनलोड केलेली प्रतिमा 30 मीटरच्या चौकोनांत येते, पण उपकरणानं पाहिलेलं असतं 100 मीटरचं. मधले चौकोन गणितानं भरलेले असतात. 30 मीटरच्या एकेका चौकोनावर बोट ठेवून 'आग या घराखाली आहे, शेजारच्या खाली नाही' असं सांगता येणार नाही. झरियात घरं एकमेकांना चिकटून आहेत आणि कुणाला हलवायचं हे अशा रेषांवर ठरू शकतं, म्हणून हे पहिल्याच आठवड्यात लिहिलं.

बँड 10 वापरायचा, बँड 11 सोडायचा. लँडसॅट 8 च्या टीआयआरएसमध्ये दृश्याबाहेरचा भरकटलेला प्रकाश शिरतो आणि बँड 11 ला त्याचा त्रास जास्त होतो. लँडसॅट 8 च्या बँड 10 साठी स्थिरांक के1 = 774.8853 आणि के2 = 1321.0789. रेडियन्स (पृष्ठभागाकडून येणाऱ्या प्रारणाची तीव्रता) 10 आला की तापमान सुमारे 302.8 केल्व्हिन, म्हणजे साधारण 29.6 अंश सेल्सिअस. कोड नीट चालतोय का हे बघायला हा एक आकडा पुरतो.

22 ऑक्टोबर

आज दिवसभर कागदावर गणित. प्रतिमा उघडण्याआधी हे करायचंच होतं.

प्रश्न: 100 मीटर गुणिले 100 मीटरच्या एका पिक्सेलमध्ये एकच तापलेली भेग आहे. भेगेचं उघडं तोंड एक मीटर रुंद, दहा मीटर लांब, तापमान 300 अंश. बाकीची जमीन हिवाळ्यातल्या रात्रीची, 17 अंश. उपग्रहाला किती दिसेल?

भेगेचं क्षेत्र 10 चौरस मीटर, म्हणजे पिक्सेलचा हजारावा भाग. 10.9 मायक्रोमीटरला 300 अंशांचा पृष्ठभाग 17 अंशांच्या पृष्ठभागापेक्षा जेमतेम दहापट उजळ असतो. हजारावा भाग दहापट उजळ झाला तर पूर्ण पिक्सेलचा रेडियन्स एक टक्क्यापेक्षाही कमी वाढतो. तापमानात उतरवलं तर फरक येतो सुमारे 0.6 अंश.

शून्य पूर्णांक सहा. माणूस पडला तर होरपळून जाईल अशी भेग, आणि आकाशातून अर्ध्या अंशाचा फरक. त्याहून जास्त फरक तर तळ्याकाठच्या ओल्या जमिनीत आणि डांबरी रस्त्यात असतो.

भेगांचं क्षेत्र दहापट, म्हणजे 100 चौरस मीटर धरलं, तर फरक साडेपाच-सहा अंशांवर जातो. हे सहज पकडता येतं. म्हणजे आमची पद्धत मोठ्या, जाळीदार फुटलेल्या जागा पकडेल आणि एकट्या भेगा हुकवेल. आराखड्यात हे वाक्य जसंच्या तसं टाकलं.

दुसरं गणित शॉर्टवेव्ह इन्फ्रारेडचं, म्हणजे आखूड तरंगलांबीच्या अवरक्त प्रकाशाचं. 2.2 मायक्रोमीटरला त्याच 300 अंशांच्या आणि 17 अंशांच्या पृष्ठभागांत फरक दहापट नाही, जवळजवळ सत्तर हजारपट आहे. कारण वीनचा नियम: वस्तू जितकी तापलेली तितका तिचा सर्वांत उजळ प्रकाश आखूड तरंगलांबीकडे सरकतो. 300 केल्व्हिनची जमीन 9.7 मायक्रोमीटरच्या आसपास सर्वाधिक उजळते, तर 600 केल्व्हिनचा निखारा 4.8 च्या आसपास. त्यामुळे रात्रीची शॉर्टवेव्ह प्रतिमा मिळाली तर काळ्या पाटीवर फक्त उघडी आग उरेल. अडचण अशी की सेंटिनल-2 उपग्रह शॉर्टवेव्हमध्ये 20 मीटर तपशील देतो, पण सकाळच्या उन्हात. लँडसॅट रात्री फक्त खास मागणीवर प्रतिमा घेतो. मागणीचा अर्ज लिहायला घेतला.

6 नोव्हेंबर

दिवाळीनंतर दिवसा घेतलेल्या पहिल्या प्रतिमा. लँडसॅट झरियावरून सकाळी दहाच्या सुमारास जातो. पृष्ठ-तापमान काढलं, रंग दिले, आणि अख्खं कोळसाक्षेत्र लाल झालं.

हे अपेक्षित होतं, पण डोळ्यांनी पाहिलं की पटतं. ओपनकास्ट खाणीच्या उघड्या भिंती, कोळशाचे साठे, ओव्हरबर्डनचे (कोळशावरून काढलेल्या माती-खडकाचे) काळे-करडे ढिगारे. यातलं काहीही जळत नसलं तरी झाडी असलेल्या जमिनीपेक्षा ते दहा-दहा अंशांनी जास्त तापतं. त्यात सकाळचा सूर्य आग्नेयेला. ढिगाऱ्याचा पूर्वेकडचा उतार तापलेला आणि पश्चिमेकडचा थंड. एकाच ढिगाऱ्याचा अर्धा भाग 'आग' आणि अर्धा भाग 'सुरक्षित' निघतो.

दिवसाच्या प्रतिमा आगीच्या नकाशातून बाद. त्या जमीनवापर ओळखायला आणि एमिसिव्हिटी (पृष्ठभाग उष्णता किती प्रारित करतो ते) ठरवायला ठेवू.

18 नोव्हेंबर

खोलीचं गणित. यावर सरांशी बराच वेळ बोलणं झालं आणि माझ्या मते या प्रकल्पाचा गाभा इथेच आहे.

समजा सीम 20 मीटर खाली जळतेय, 600 अंशांना. मधला खडक सलग आहे, भेग नाही. खडकाची उष्णतावाहकता साधारण 2 वॅट प्रति मीटर प्रति केल्व्हिन. वर पोचणारी उष्णता दर चौरस मीटरला 58 वॅट. तेवढ्यानं पृष्ठभाग पाच-सहा अंशांनी तापेल. सीम 50 मीटरवर असेल तर दोन-अडीच अंश. आणि हेसुद्धा सगळं स्थिर झाल्यानंतर. उष्णता खडकातून इतकी सावकाश चढते की 10 मीटर पार करायला तिला सुमारे तीन वर्षं लागतात, 20 मीटरला बारा-तेरा, 30 मीटरला जवळपास अठ्ठावीस.

म्हणजे 30 मीटरवर आज लागलेली आग केवळ खडकातून झिरपणाऱ्या उष्णतेवर उपग्रहाला दिसायची असेल, तर तिच्यावरच्या घरात आज जन्मलेलं मूल तोवर कमावतं झालेलं असेल.

प्रत्यक्षात एवढा वेळ लागत नाही, कारण जमीन फुटते. कोळसा जळून जागा रिकामी होते, वरचा खडक बसतो, भेगा पडतात. त्यांतून गरम वायू वर येतात आणि ताजी हवा आत जाते. उपग्रह पाहतो ती ही ये-जा. म्हणून 'उपग्रहानं भूमिगत आग पाहिली' असं अहवालात लिहायचं नाही असं ठरलं. लिहायचं ते असं: 'पृष्ठभागावर असामान्य उष्णता दिसली'. सर म्हणाले, वाचणाऱ्याला हे वाक्य कमजोर वाटेल. मला ते अजिबात कमजोर वाटत नाही. ज्याच्या घराखाली भेग अजून वर आलेली नाही, त्याचं घर या एका वाक्यामुळे 'आग नाही'च्या रकान्यात जायचं वाचतं.

9 डिसेंबर

रात्रीच्या प्रतिमा. ॲस्टरच्या जुन्या हिवाळ्यांतल्या (रात्री साडेदहाच्या आसपासच्या) आणि इकोस्ट्रेसच्या पहाटेच्या. चित्र एकदम शांत झालं. ढिगारे निवले, झाडी आणि उघडी जमीन जवळ आली. उरले ते तलाव आणि दामोदर. पाणी रात्री जमिनीपेक्षा उबदार असतं, म्हणून पाण्याचा मुखवटा आधी चढवावा लागतो. आणि त्यांच्याशिवाय उरले ते पट्टे: पूर्वेला लोदना-कुजामा-घनुडीहच्या बाजूला, मध्ये कुसुंडा-राजापूरकडे, पश्चिमेला कतरासच्या बाजूला काही तुकडे. सीम जिथे पृष्ठभागाजवळ येतात त्या कोयत्यासारख्या वळणालाच धरून.

किती फरकाला असामान्य म्हणायचं याचा उंबरठा पूर्ण क्षेत्राला एकच लावायचा नाही. दाट वस्तीची पार्श्वभूमी वेगळी आणि शेताची वेगळी. प्रत्येक पिक्सेल त्याच्या शेजाऱ्यांच्या खिडकीशी ताडायचा, खिडकी सरकवत न्यायची. वेगवेगळ्या खिडक्यांत जो पुन्हा पुन्हा बाहेर पडतो तो उमेदवार. त्यानंतर वेगवेगळ्या रात्री आणि वेगवेगळे हिवाळे. एकाच रात्री तापलेली जागा बाद नाही, पण तिचा दर्जा खालचा.

17 डिसेंबर

उमेदवारांची छाननी. कोकभट्ट्या आणि वीटभट्ट्या यांची ठिकाणं उच्च तपशिलाच्या प्रतिमांवरून हातानं काढली. भट्ट्यांची आयताकृती रांग ओळखू येते. त्रास देतात ते छोटे ढीग. झरियाच्या आसपास लोक उघड्यावर कोळशाचा ढीग पेटवतात, धूर निघून गेला की विझवतात आणि तो घरगुती चुलीचा कोळसा सायकलवर पोती लादून बाजाराला नेतात. असा ढीग उपग्रहाला भेगेपेक्षा ठळक दिसेल. तो दोन-तीन दिवसांत संपतो, म्हणून 'वेगवेगळ्या रात्री' ही अट त्याला बाहेर काढते. पण जागा तीच वापरली जात असेल तर नाही. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय इलाज नाही.

20 जानेवारी 2025, धनबाद

खाणक्षेत्रात शिरायला परवानगी मिळाली, सोबत खाणीचे सुरक्षा कर्मचारी. सकाळी सहाला निघालो. थंडीत वाफ दिसते, उन्हात नाही. म्हणून क्षेत्रकामाचा महिना जानेवारी.

पहिली जागा आमच्या यादीतली वरच्या दर्जाची. गाडीतून उतरल्यावर वास आधी आला, गंधकाचा, घशाला लागणारा. मग जमीन. पंधरा-वीस पावलांच्या पट्ट्यात गवताची काडी नाही, त्याच्या कडेला मात्र हिरवंगार, आजूबाजूच्या वाळलेल्या गवतापेक्षा जास्त हिरवं, कारण खालून ऊब आणि वाफेचा ओलावा. पट्ट्याच्या मध्यभागी भेगा. एकीत हात जाईल एवढी रुंदी, बाकीच्या बोटाएवढ्या.

मोठ्या भेगेच्या काठावर पिवळे स्फटिक जमलेले, सुईसारखे, फुंकर मारली तर मोडतील असे. तो गंधक. त्याच्या जरा वर, खडकाच्या थंड बाजूला, पांढरट साय धरलेली. तो नवसागर. कल्हईवाल्यांकडे असतो तोच, इथे कोळशाच्या वायूतून आपोआप निवून बसलेला. आतला शेल (चिखलापासून बनलेला थरांचा खडक) भाजून विटेसारखा लाल झालेला. थर्मल गन भेगेच्या तोंडावर धरली तर आकडा 300 च्या वर गेला. दोन पावलं मागे येऊन जमिनीवर धरली तर चाळिशीच्याही खाली. ऑक्टोबरमधल्या गणितातली जागा डोळ्यांसमोर होती.

बुटाचे तळ मऊ झाले. सुरक्षावाले दादा सारखे सांगत होते, 'एक जगह खड़े मत रहिए'.

21 जानेवारी

आज मुद्दाम अशी जागा निवडली जी आमच्या नकाशावर थंड आहे, पण जुन्या खाणकामाच्या नकाशावर तिच्याखाली काढून मोकळी केलेली सीम आहे. वस्ती, चिकटून चिकटून घरं, मध्ये हापशी. जमिनीवर वाफ नाही, वास अगदी पुसट. उपग्रहाला इथे काही न दिसणं योग्यच होतं.

एका घरात बोलावलं. चहा झाला. घरातल्या बाईंनी मागच्या खोलीच्या फरशीवर हात ठेवायला सांगितला. उबदार होती, एका कोपऱ्यात जास्त. भिंतीला जमिनीपासून छपरापर्यंत तडा, त्यावर वेगवेगळ्या वर्षी लिंपलेले सिमेंटचे थर. त्या म्हणाल्या, 'ठंड में तो ठीक है दीदी, कमरा गरम रहता है। डर बरसात में लगता है।'

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून आहे. पावसाचं पाणी भेगांत उतरतं, पोकळीवरचा खडक भिजून सुटतो, तापलेल्या भागात पाण्याची वाफ होते आणि जमीन अचानक बसते. मे 2017 मध्ये झरियाच्या इंदिरा चौकात जमीन फाटली, तेव्हा आत गेलेल्या मुलाला वाचवायला धावलेले वडीलही त्यातच गेले. ती भररस्त्यातली, दुकानांपुढची जागा होती. आणि पावसाळ्यातच थर्मल प्रतिमा मिळत नाहीत. जूनपासून सप्टेंबरपर्यंत ढग. म्हणजे जेव्हा धोका सर्वांत जास्त असतो, नेमकं तेव्हा आमच्या पद्धतीला डोळेच नसतात.

ती फरशी कोणत्याही थर्मल कॅमेऱ्यात आकाशातून दिसणार नाही. तिच्यावर छप्पर आहे. उपग्रह छपराचं तापमान मोजतो. इतकी साधी गोष्ट, पण दाट वस्तीसाठी ती स्वतंत्र विचारात घेतलेली मी तरी फार कमी पाहिली आहे.

3 फेब्रुवारी

परतल्यावर जुळणी. वरच्या दर्जाच्या ज्या जागा पाहिल्या तिथे जवळपास सगळीकडे उष्णता सापडली. मधल्या दर्जात पेटलेले ओव्हरबर्डनचे ढिगारे बरेच निघाले. ढिगाऱ्यात टाकलेला कोळसामिश्रित शेल स्वतःहून तापतो. ही आगच आहे, पण सीममधली नाही. तिच्यामुळे जमीन खचत नाही, धुराचा त्रास मात्र होतो. नकाशावर तिला वेगळा रंग.

धनबाद-चंद्रपुरा रेल्वेमार्गाचा पट्टाही तपासला. खालच्या आगीच्या धोक्यामुळे 15 जून 2017 पासून तो बंद केला होता, 2019 च्या फेब्रुवारीत गाड्या पुन्हा सुरू झाल्या. रूळ, खडी आणि मोकळा भराव रात्रीही आजूबाजूपेक्षा वेगळे निवतात, म्हणून मार्गालगतच्या पिक्सेलना रेल्वेमार्गाच्याच इतर तुकड्यांशी ताडलं, शेताशी नाही.

12 मार्च

खचण्याचा थर. सेंटिनल-1 उपग्रहाचं रडार ढगांतून आरपार पाहतं, म्हणून पावसाळ्याची पोकळी भरायला तेच. तरंगलांबी 5.6 सेंटिमीटर. एकाच जागेच्या बारा दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या दोन प्रतिमांतला रडार-लहरींचा कलाफरक मोजला की जमीन किती मिलिमीटर-सेंटिमीटर खाली गेली ते कळतं.

पण झरियात ही पद्धत दोन ठिकाणी अडखळते. ओपनकास्टमध्ये जमीन रोजच बदलते, तिथे दोन प्रतिमांचा मेळच बसत नाही. आणि पावसाळ्यात झाडोरा वाढला की उघड्या पट्ट्यांतही संकेत विस्कटतो. वस्तीवर मात्र उत्तम चालते. घरांची छपरं, भिंती, खांब रडारला स्थिर खुणा देतात. म्हणजे थर्मल जिथे छपरामुळे आंधळं होतं, तिथेच रडार छपरामुळे पाहतं. दोन्ही थर एकावर एक ठेवण्याचं खरं कारण मला क्षेत्रावरून आल्यावर नीट दिसलं.

जानेवारीतली ती थंड वस्ती रडारच्या थरात सावकाश खाली जाताना दिसते.

आपल्याकडेही हे लागू आहे. ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसला जुन्या खाणीवरच्या वस्तीतलं एक अख्खं घर बघता बघता जमिनीत गेलं. तिथे थर्मलचा काही उपयोग नव्हता. जुन्या कामाचे नकाशे आणि खचण्याची मोजणी, दोन्ही लागतात. चंद्रपूर-वणी पट्ट्यासाठी हाच रडारचा भाग वेगळा काढून चालवायचं ठरवलं आहे.

24 एप्रिल

लँडसॅटच्या रात्रीच्या मागणीतल्या काही प्रतिमा आल्या. शॉर्टवेव्ह बँड जवळजवळ पूर्ण काळा, त्यात मोजके उजळ ठिपके. भट्ट्या वगळल्यावर उरलेले ठिपके जवळपास सगळे खाणीच्या उघड्या भिंतीत. जुन्या पिलरांमधली आग ओपनकास्टनं उघडी केली की अशी दिसते. खाली दडलेली एकही आग यात नाही, आणि तसं अपेक्षितही नव्हतं.

19 मे

क्षेत्रफळाचा वाद. अहवालात एकच आकडा हवा असा आग्रह आहे: 'एकूण आग इतके चौरस किलोमीटर'.

सार्वजनिक आकडे असे. जुन्या नोंदींत 77 आगी आणि 17.32 चौरस किलोमीटर. राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राच्या 2021 च्या सर्वेक्षणात 1.80 चौरस किलोमीटर. घट खरी आहे. भारत कोकिंग कोल या सरकारी कंपनीनं जळता कोळसाच अनेक ठिकाणी खणून काढला, आणि आग हटवायचा तो सर्वांत खात्रीचा मार्ग आहे. खंदक कापणं, माती पसरून हवा तोडणं, नायट्रोजन सोडणं हे उपाय जमीन पुन्हा फुटली की अपुरे पडतात.

पण आमच्या कामात अशी तुलना करायला माझा विरोध आहे. टीआयआरएसचा मूळ पिक्सेल एक हेक्टरचा. त्या मापानं 1.80 चौरस किलोमीटर म्हणजे 180 पिक्सेल. उंबरठा अर्ध्या अंशानं इकडेतिकडे केला तर आमच्या नकाशात त्याहून जास्त पिक्सेल ये-जा करतात. दशांशानंतर दोन आकडे लिहिण्याइतकी खात्री 100 मीटरचं उपकरण देत नाही. मी पट्टा देईन, इतक्यापासून इतक्यापर्यंत, आणि उंबरठा सोबत छापेन. बरीच चर्चा झाली. सरांनी शेवटी मान्य केलं.

28 जून

25 जूनला केंद्रीय मंत्रिमंडळानं सुधारित झरिया मास्टर प्लॅन (आग आणि पुनर्वसनाचा आराखडा) मंजूर केला, 5,940.47 कोटी रुपयांचा. ऑगस्ट 2009 मधला मूळ आराखडा 7,112.11 कोटींचा होता. नव्या आराखड्यात टप्प्याटप्प्यानं आणि सर्वांत धोक्याच्या जागा आधी, असं धोरण आहे. पुनर्वसनासाठी बेलगडियाला घरं बांधली तरी लोक तिथे का राहत नाहीत, या जुन्या प्रश्नाला धरून रोजगारावरही भर आहे. झरियातली मजुरी सोडून दूर जायचं तर तिथे काम हवं.

आमच्यासाठी याचा अर्थ सरळ आहे. 'सर्वांत धोक्याचं आधी' म्हटलं की कुणीतरी यादी लावणार, आणि यादी लावताना उष्णतेचा नकाशा टेबलावर असणार. तो नकाशा कसा वाचला जाईल याची जबाबदारी काढणाऱ्यावर येते. आजपासून नकाशाची सूची पुन्हा लिहायला घेतली.

सूचीत आता पाच वर्ग. सीमशी निगडित, कायमची, प्रत्यक्ष पाहिलेली उष्णता. कायमची पण न पाहिलेली. ढिगाऱ्यांतली आग. उद्योगाची उष्णता. आणि पाचवा, ज्यासाठी मी भांडले: 'उष्णता दिसली नाही, खाली जुनं काम आहे'. पांढरा सोडायचा नाही, आडव्या रेघांचा. त्यातही जिथे रडारनं खचणं दाखवलं तिथे रेघा दाट. ज्या वस्त्यांखाली जुनं कामही नाही आणि खचणंही नाही, फक्त त्याच कोऱ्या.

6 ऑगस्ट

निसार हा इस्रो-नासाचा रडार उपग्रह 30 जुलैला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याचं एल-बँड रडार 24 सेंटिमीटर तरंगलांबीचं. झाडोऱ्यात विस्कटण्याचं प्रमाण सेंटिनल-1 च्या सी-बँडपेक्षा बरंच कमी राहील, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात उघड्या पट्ट्यांचंही खचणं मोजता यायला हवं. थर्मलसाठी इस्रो आणि फ्रान्सच्या सीएनईएसची तृष्णा मोहीम अजून उडायची आहे. जमिनीवर सुमारे 57 मीटर तपशील आणि काही दिवसांनी पुन्हा फेरी. त्या पिक्सेलमध्ये माझी 10 चौरस मीटरची भेग हजाराव्या भागाऐवजी सव्वातीनशेव्या भागाइतकी येईल आणि 0.6 ऐवजी दोन अंशांच्या जवळ फरक देईल. तो पकडता येतो.

नकाशे, कोड आणि उंबरठ्यांची तक्ता-फाइल आज सुपूर्द केली. सोबतच्या पत्रात तीन मागण्या: पाचव्या वर्गातल्या वस्त्यांत जमिनीत तापमान मोजणारे खांब बसवावेत, विशेषतः घरांच्या जोत्याजवळ, कार्बन मोनॉक्साइडची मोजणी पावसाळ्यातही चालू ठेवावी, आणि जुन्या खासगी खाणींचे हस्तलिखित नकाशे स्कॅन करून मिळावेत. तिसरी मागणी पूर्ण झाली तर पाचव्या वर्गाच्या सीमा पुन्हा आखायच्या आहेत. त्यासाठी फाइल उघडी ठेवली आहे.